डांबर निघालं, हळद राहिली

गाडी धुणं मला येत नाही, हे मला गाडी धुऊन झाल्यावर कळलं.

आधी कळायला मार्गच नव्हता. मी चौथीपर्यंत शिकले आणि त्या चौथीत गाडी धुवायचा धडा नव्हता. बाकी मी धुतलं नाही असं आयुष्यात काही राहिलेलं नाही. लुगडी धुतली, गोधड्या धुतल्या, म्हशी धुतल्या, पोरं धुतली (कधी पाण्याने, कधी हाताने), आणि सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनाही धुतलं. कोणाची तक्रार आली नाही. एका म्हशीने लाथ मारली होती, पण ती तक्रार नव्हती, तो तिचा स्वभाव होता.

ज्या गाडीची ही गोष्ट, ती आमच्या सुनेची. सून म्हणजे वर्षा, शाळेत शिकवते. मुलगा दिनेश खंडव्याला नोकरीला. शनिवारी येतो, रविवारी झोपतो, सोमवारी जातो. घरात राहायला आम्ही तिघंच: मी, आमचे हे आणि वर्षा. वर्षाने स्वतःच्या पगारातून गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा मी विरोध केला. घरात बसून नाही केला, अंगणात उभं राहून केला.

"गाडी हवी कशाला?" मी म्हणाले. "शाळा जवळ, बाजार जवळ, दवाखाना जवळ. मसणवटासुद्धा पायी जायच्या अंतरावर आहे, आणि तिथे तर आपल्याला चालावंही लागत नाही!"

सगळ्या गल्लीने ऐकलं. शेजारच्या शोभाने भिंतीपलीकडून "वा काकू!" म्हणून दाद दिली. आणि वर्षा काय म्हणाली? "बरं आई."

या "बरं आई"चं जरा सांगावं लागेल. माझी सून भांडत नाही. सून भांडली तर सासूलाही मोकळेपणाने भांडता येतं, दोघींची जेवणं नीट जिरतात. ही "बरं आई" म्हणते आणि करायचं तेच करते. तिच्या "बरं आई"चे प्रकार आहेत. एक खरोखरचं बरं असतं. एकाचा अर्थ असतो, "तुमचं संपलं का?" आणि एक असं असतं, की ते ऐकलं की मी मुकाट्याने देवासमोर जाऊन बसते.

तर गाडी आली. पांढरीशुभ्र. उभी कुठे करायची? गोठ्यात. गोठा रिकामाच होता. ह्यांचे गुडघे गेले, केळीची जमीन बटाईने दिली, चांद्या आणि बाळ्या ही शेवटची बैलजोडी विकली, तेव्हापासून तिथे काही नव्हतं. हे मात्र रोज संध्याकाळी गोठ्यात जाऊन उभे राहायचे. "काय करून राहिले?" विचारलं की म्हणायचे, "कुठे काय." रिकाम्या दावणीशी माणसाचं काय काम? पण मी बोलले नाही. (मी बोलले नाही, हे आमच्या घरात सणासारखं कधीतरी घडतं.)

गाडी आल्यावर ह्यांना काम मिळालं. रोज संध्याकाळी गाडीभोवती एक चक्कर मारायची, चाकाला हात लावून बघायचा, आणि पाठीवर थाप मारायची. गाडीच्या.

"ती हंबरणार आहे का तुम्हाला बघून?" मी विचारायचे.

"तुला नाही समजायचं," हे म्हणायचे.

आता डांबर कुठून आलं ते सांगते. तेही माझ्याचमुळे आलं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी वर्षा आम्हा दोघांना जैनाबादला घेऊन गेली, माझ्या नणंदेकडे. परत येताना तापीच्या अलीकडे रस्त्यावर ही गर्दी. कोणी मोठा माणूस यायचा होता म्हणे, म्हणून पावसाची उघडीप बघून खड्ड्यांवर गरम डांबर ओतणं चाललं होतं. एका माणसाने हात आडवा केला, "रुको, रुको, अभी गीला है!" वर्षाने गाडी थांबवली. बऱ्याच गाड्या थांबल्या होत्या. मला घरी जाऊन पुरणाची डाळ निवडायची होती.

"चल गं," मी म्हणाले. "तो काय पोलीस आहे? कडेकडेने काढ."

"आई, ओलं आहे ते."

"ओलं आहे म्हणजे काय बुडणार आहोत का? मी म्हणते ना, काढ!"

"बरं आई," वर्षा म्हणाली. (दुसरा प्रकार.)

निघालो. खालून चटचट चटचट असा आवाज येत राहिला. मला वाटलं बारीक खडी उडते आहे. हे मागे वळून वळून बघत होते आणि काही बोलत नव्हते. ते बोलले नाहीत की समजावं, काहीतरी झालं.

सकाळी उजेडात गाडी बघितली. दोन्ही बाजूंनी, चाकांच्या वरून दारांपर्यंत, काळे काळे ठिपके. पांढऱ्या गाईला गोचिड्या लागाव्यात तशी गाडी दिसत होती!

वर्षा शाळेला निघाली होती. तिने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी पोळा, तिला सुट्टी, आणि सकाळीच ती गाडी घेऊन माहेरी नेपानगरला जाणार होती. तिचे वडील तिथल्या कागदाच्या कारखान्यात होते. जन्म सायकलवर काढला माणसाने. त्यांना पुढच्या सीटवर बसवून गावभर फिरवायचं, एवढीच तिची हौस. गाडी आली त्या दिवसापासून ते फोन करून विचारत होते, "पांढरीच आहे ना गं? मी पांढरा सदरा शिवायला टाकला आहे. गाडीला मॅचिंग."

"संध्याकाळी आल्यावर बघते काय होतं ते," वर्षा म्हणाली.

"जा तू. मी आहे ना," मी म्हणाले.

"नाही आई, तुम्ही हात लावू नका."

"बरं," मी म्हणाले. (तिचाच प्रकार तिलाच.)

ती गेली आणि मी पदर खोचला. कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ज्या बाईने गाडी येताना गल्लीभर तोंड वाजवलं, तिच्याच हट्टापायी गाडीवर डांबर उडालं. आता कोण म्हणणार चुकून उडालं? म्हातारीने डाव साधला, असंच म्हणणार. लोक काय म्हणतात त्याची मला फिकीर नाही. पण वर्षाने तसं मनात धरलं तर ती बोलून दाखवणार नाही, आणि जे बोललंच जात नाही त्याला उत्तर कसं द्यायचं? तेव्हा ती शाळेतून यायच्या आत गाडी पांढरी व्हायला हवी होती.

आधी साधं पाणी मारलं. धूळ गेली, डांबर बसून राहिलं. मग राख आणि नारळाचा काथ्या घेतला. कढईचा तळ मी याच्यावर आरशासारखा करते. घासलं. जोर लावून घासलं. डांबर तसंच. पण त्याच्या आजूबाजूची चकाकी जायला लागली!

हे काठी टेकत आले. "अगं ए दिनेशची माय, काय करून राहिली तू? कढई आहे का ती?"

वाकून बघितलं, तर केसासारख्या बारीक रेघा उठल्या होत्या. मी काथ्या पाठीमागे लपवला. तेवढ्यात दिनेशचा फोन.

"आई, वर्षाने सांगितलं मला. तू गाडीला हात लावू नकोस हां, बिलकुल. मी शनिवारी डांबर काढायचं औषध घेऊन येतो. आणि गाडीचा शाम्पू."

"शाम्पू? तिला काय केस आहेत?"

"आई, गाडीचा वेगळा शाम्पू असतो. तू फक्त काही घासू नकोस, पेंटवर ओरखडे येतात."

"मी कशाला घासते," मी म्हणाले आणि काथ्या ह्यांच्या हातात दिला.

शनिवार म्हणजे पोळा होऊन गेल्यावर. त्या औषधाचा काय उपयोग? पूर्वी घासलेट तरी असायचं घरात, दोन बोटं लावली की डांबर सुटायचं. आता घासलेटही मिळत नाही. मी डोक्याला हात लावून गव्हाणीच्या काठावर बसले. हे माझ्या शेजारी बसले.

"केळी कापून आलो की हाताचा चीक कसा काढायचो आपण?" हे म्हणाले.

"गोडेतेल लावून."

"मग?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हा माणूस वर्षातून एकदा कामाचं बोलतो आणि नेमका तेव्हा मी रिकामी असते, हे आमच्या संसाराचं नशीब.

तेल आणलं. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा त्यात भिजवला, एका ठिपक्यावर दाबून धरला आणि हलक्या हाताने पुसलं. डांबर गेलं! नुसतं गेलं नाही, लोण्यासारखं उतरलं. लुगडं काळं, गाडी पांढरी. मी "अगंबाई!" म्हणून ओरडले. मग काय, एकेक ठिपका टिपत मी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेले, पलीकडच्या बाजूने परत आले. एकही गोचिडी शिल्लक ठेवली नाही.

इथे थांबले असते तर आज मला हे लिहावं लागलं नसतं.

पण तेलाने गाडी अशी चमकायला लागली, की मला मोह झाला. तेल लावलेला भाग चमकतो आणि वरचा भाग कोरडा दिसतो, हे बरं नाही. मी वाटीभर तेल आणखी आणलं आणि सगळ्या गाडीला चोळून काढलं, बाळंतघरात चोळतात तसं. हे लांबून बघत होते. "वा!" म्हणाले. पन्नास वर्षांत माझ्या कुठल्या कामाला हे "वा" म्हणाले नव्हते. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आमच्या घराला लागून शोभाच्या नवऱ्याचे कापड विणायचे लूम आहेत. दिवसभर खटखट चालतात आणि त्यांच्या खिडकीतून सुताची रुई उडत असते. एरवी ती आमच्या अंगणात येते आणि झाडली की जाते. त्या दिवशी ती आली, आणि तिला तेल लावलेली गाडी दिसली.

मी आत जाऊन चहा पिऊन आले. परत येऊन बघते तर गाडीला लव आली होती! टपावर, दारांवर, तोंडावर, सगळीकडे बारीक पांढरी रुई, नुकत्या जन्मलेल्या वासरासारखी. हात फिरवला तर आणखी चिकटली. गाडीला खरंच केस आले होते, आणि दिनेशचा शाम्पू शनिवारी यायचा होता!

"आता गं?" हे म्हणाले.

"आता काय, तेल काढायचं," मी म्हणाले. अंगाचं तेल कशाने काढतात? डाळीच्या पिठाने. पोरांना मी असंच न्हाऊ घातलं आहे. पुरणासाठी म्हणून घरात डाळ होती, पीठ होतं. पितळी परात घेऊन मी गोठ्यात बसले, पिठात पाणी घातलं, कालवायला घेतलं आणि...

आता यापुढचं नीट सांगते, कारण यावर नंतर बरीच चर्चा झाली.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे सोलवटतात, म्हणून त्यांना तेल आणि हळद चोळायची. लग्न होऊन आल्यापासून त्या दिवशी त्याच गोठ्यात, त्याच परातीत, मी हळद कालवत आले. बैल गेल्यावर ते थांबलं. पण हाताला कोणी सांगितलं होतं बैल गेले म्हणून? हात आपला डब्यात गेला आणि दोन मुठी हळद परातीत आली. मला वाटलं, बरोबरच आहे, उटण्यात हळद असतेच.

पहिला हात मी पुढच्या चाकाच्या वर लावला. तिथे गाडी अशी गोलसर फुगीर आहे. चांद्याचा खांदा तसाच होता. मग दुसऱ्या बाजूला. छान दाबून, रगडून, त्या काथ्याच्या रेघांवरून चोळलं. आणि मी काही बोलले असेन. बोलले असेन म्हणजे, तोंडाला सवय असते.

भिंतीवरून शोभाचं डोकं वर आलं.

"ओ काकू! ये क्या चालू आहे? गाडीला हळद लावून राहिल्या का तुम्ही?"

मी मागे सरून बघितलं. गाडी पुढून पिवळीधम्मक झाली होती!

"लगन कोणाशी लावता?" शोभा म्हणाली. "पाटलांचा ट्रॅक्टर कुंवारा आहे, सांगू का?"

"तुझ्या लूमची रुई आवर आधी!" मी ओरडले, उरलेल्या गाडीला बिनहळदीचं पीठ चोळलं आणि बादली उचलली.

पाणी मारलं. पीठ गेलं. रुई गेली. तेल गेलं. हळद राहिली.

आणखी पाणी मारलं. हळद राहिली. मग मी घाईघाईत कपड्याचा साबण आणला आणि खसाखसा चोळला. आता, हळदीला साबण लागला की ती लाल होते हे स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. मलाही माहीत होतं. साबण लावून झाल्यावर आठवलं. डोळ्यांदेखत गाडीचे दोन्ही खांदे लाल झाले.

"हळद झाली, कुंकू झालं," भिंतीवरून आवाज आला. "आता ओटी तेवढी भरा काकू, नारळ मी देते!"

पुन्हा पाणी. लाल जाऊन पिवळं आलं. रेघारेघांत हळद अशी जाऊन बसली होती, जणू तिथेच जन्मली. मी दमून गव्हाणीच्या काठावर टेकले. शाळा सुटायची वेळ झाली होती. गाडीचं डांबर गेलं होतं, पण निदान डांबराचं सांगता आलं असतं की रस्त्यावर उडालं. हळद काय आभाळातून पडली? हातात काळं लुगडं, पायाशी परात, नखं पिवळी. मुद्दाम केलं नाही, हे कोणाला पटणार? मलाच पटेना!

"झाकू या," हे म्हणाले.

"कशाने?"

हे काठी टेकत मागच्या खोलीत गेले. खडखड झाली, पेटी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा ह्यांच्या हातात दोन झुली होत्या. चांद्या-बाळ्याच्या. लाल कापड, कडेला आरसे, गोंडे.

"या उंदरांनी खाल्ल्या म्हणाला होतात ना तुम्ही?" मी म्हणाले. बैल विकले त्याच महिन्यात मी ह्यांना सांगितलं होतं, झुली द्या, गोधडी शिवते. तेव्हा हे म्हणाले होते उंदरांनी खाल्ल्या.

"खाल्ल्या असत्या," हे म्हणाले, "पण मी डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या."

नीट घडी घातलेल्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून एक झूल एका खांद्यावर टाकली, एक दुसऱ्यावर. पिवळं झाकलं गेलं. शिंगं तेवढी राहिली होती.

आणि वर्षा दारात उभी.

तिने गाडी बघितली. झुली बघितल्या. पिशवी खाली ठेवली, पुढे आली आणि झुलीची कड उचलून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: पोरी, मुद्दाम नाही केलं, तुझ्या बापासाठी स्वच्छ करायला गेले. चांगलं वाक्य होतं. पण माझ्या तोंडाला माझं ऐकायची सवय नाही.

"गाडी पांढरी घ्यायची कशाला मुळात?" तोंडातून आलं.

हे कपाळावर हात मारून घेतात तेव्हा आवाज येतो. तो आला.

वर्षा तशीच वाकून उभी होती. मी "बरं आई"ची वाट बघत होते, आणि कुठल्या प्रकारचं येणार तेही मला माहीत होतं. देवघराकडे मी एक नजर टाकलीसुद्धा.

"बाबा," ती ह्यांना म्हणाली, "हे काय आहे?"

"खांदेमळणी," हे म्हणाले.

वर्षा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली, बैल तिने रस्त्यावरच बघितलेले. ह्यांनी तिला समजावून सांगितलं. की जो जीव घरासाठी राबतो त्याच्या खांद्याला पोळ्याआधी हळद-तेल लावतात. घरातल्यालाच लावतात, परक्याच्या बैलाला कोणी लावत नाही. आणि लावताना त्याला जेवायचं आमंत्रण देतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ह्यांना मी एका दमात इतकं बोलताना क्वचित ऐकलं आहे. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हाही एवढं बोलले नव्हते.

"तसलं काही नाही हं," मी म्हणाले. "मी डांबर काढत होते. लोखंडाला कोणी आवतण देतं का?"

"दिलं, दिलं!" भिंतीवरून शोभा. "मी अपने कान से ऐकलं! दोन्ही बाजूला दिलं! गाडीला 'अहो-जाहो' केलं काकूंनी. मला आजवर नाही केलं!"

मेली लूम बंद करून ऐकत होती.

वर्षा सरळ उभी राहिली. तिचे ओठ थरथरत होते. मला वाटलं रडते आहे. मग तिच्या नाकातून आवाज आला आणि ती हसायला लागली. दाराला धरून हसली, खाली बसून हसली. हे हसायला लागले, शोभा हसायला लागली. मी एकटीच उभी, पिवळे हात घेऊन, एखाद्या नवरीसारखी.

"मला वाटलं होतं तुम्हाला गाडी आवडतच नाही," शेवटी डोळे पुसत ती म्हणाली.

"नाहीच आवडत," मी म्हणाले.

"बरं आई," ती म्हणाली. हा नवाच प्रकार होता. पूर्वी ऐकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी निघाली नाही. म्हणाली, आवतण घेऊन न जेवता कोण जातं? मी पुरणाचे मांडे केले. हे ताट घेऊन गोठ्यात गेले, गाडीला ओवाळलं आणि विचारात पडले की आता हिला भरवायचं कुठून. वर्षा दार उघडून चालवायच्या जागी बसली. "गाडीच्या वतीने मी खाते," म्हणाली, आणि दोन मांडे तुपासकट खाल्ले. गाडीची भूक चांगली आहे.

मग म्हणाली, "आई, बाबा, तुम्हीही चला नेपानगरला. ही हळद कोणी लावली, ते माझ्या बाबांना तुमच्या तोंडाने सांगा."

शिक्षा होती ती, मी ओळखलं. गेले.

तिचे वडील दारात उभे होते, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. झुली आम्ही घरीच ठेवल्या होत्या, त्यामुळे दोन्ही खांदे उघडे, उन्हात पिवळे. त्यांनी गाडीकडे बघितलं आणि मी सगळं सांगून टाकलं, डांबरापासून कुंकवापर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. पुढे झाले, चपला काढल्या (गाडीत बसायला चपला काढणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला), आणि बसताना तोल सावरायला त्यांनी गाडीच्या खांद्यावर हात टेकला. हळद कुठेतरी फटीत ओलीच राहिली होती. अख्खी बाही पिवळी झाली.

मी डोळे मिटून घेतले. जन्मभर सायकल मारून माणसाने एक सदरा शिवला, तोही मीच रंगवला!

त्यांनी बाहीकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं.

"आता झालं मॅचिंग," ते म्हणाले आणि वर्षाला म्हणाले, "चल बेटा, काढ गाडी. बाजाराकडून घे, लोक असतात तिकडे."

दोघं गेले. बराच वेळ आले नाहीत.

उन्हाने हळद हळूहळू उडाली. त्या बारीक रेघांमध्ये तेवढी थोडी राहिली आहे, तिरप्या उन्हात दिसते. दिनेश म्हणाला, पॉलिश मारून घेऊ, निघून जाईल. वर्षा म्हणाली, "नको, राहू द्या." त्याने आणलेला शाम्पू कपाटात पडून आहे.

आता घरात सगळं ठीक आहे. एवढंच, की मी फडकं हातात घेऊन गोठ्यात पाय ठेवला, की गाडी "पीं पीं" करून ओरडते आणि डोळे मिचकावते. आमचे बैल मला बघून हंबरायचे, ही मला बघून किंचाळते! मी ह्यांना म्हणालेही, बघा, मुका जीव असला तरी माणूस ओळखते. मग एक दिवस सहज मागे वळून बघितलं, तर खिडकीत वर्षा उभी. हातात किल्ली, बोट बटणावर.

"काही नाही आई," म्हणाली, "लॉक करते आहे."